दुसरी वेलांटी

फलक लिहिला रुक्माजी झोरेने, सातवीतल्या,
आदल्या रात्री, देवळाच्या ओट्यावर बसून,
बोटीला लावून उरलेल्या रंगाने:
आमाला शीक्षक द्या.

तीन शब्द, दोन चुका.
माझा हात पर्सकडे गेला, तिथे लाल पेन असतं.
गेला तसा परत आला.
याला पहिलीपासून शिकवणारी मीच.
सात इयत्ता, दोन खोल्या,
त्यातल्या एकीचं छप्पर चवथीच्या आधी खाली आलेलं.
कामतसर निवृत्त झाले, त्यांची जागा कुणी भरली नाही,
खुर्ची मात्र शेजारच्या शाळेने नेली.
मी तासिका तत्त्वावर.
ज्या मंगळवारी दुसरी वेलांटी शिकवायची होती
त्या मंगळवारी मी मतदारयादी घेऊन डोंगरावर होते:
पाच घरं, अकरा मतं, भुंकणारी तीन कुत्री.

पहाटेची कदंबा. तेवीस मुलं, नऊ आया,
डब्यात उंडे आणि कालची भाजी.
रिवणला फिलोमेना टीचर चढल्या चार मुलं घेऊन,
एवढीच त्यांची शाळा. जूनपासून ती विलीन होणार.
विलीन म्हणजे काय, टीचर?
साखर चहात होते ना, तसं.
म्हणजे आपण गोड होणार?
टीचर खिडकीबाहेर बघत राहिल्या.
नवी शाळा सात किलोमीटरवर,
आणि बालरथ जिथून वळतो
तिथून त्यांचा वाडा अजून दिसतही नाही.

पर्वरीला फाटक बंद.
आधीच आलेले होते काणकोणचे, पेडण्याचे,
सत्तरीतले दोघे गणित शिकवणारे
जे खरं तर मराठीचे.
मुलांना घोषणा द्यायची सवय नव्हती.
कुणीतरी पाढे सुरू केले
आणि सगळ्यांनी आवाज लावला,
बारा, तेरा, चौदा, फाटकाच्या गजांना धरून.
सतरा सक वर सगळे थांबले.
मी सांगितलं नाही.
"एकशे दोन,"
फाटकामागचा पोलीस पुटपुटला,
आणि लगेच टोपी सारखी करू लागला.

साहेब बारा वाजता खाली आले.
निवेदन न वाचता घेतलं, फलक मात्र वाचला.
खिशातून पेन काढून
दुसऱ्या वेलांटीवर काट मारली, पहिली दिली,
मा च्या डोक्यावर म्हा लिहिला, निळ्या शाईत, सुंदर अक्षरात.
"आधी नीट लिहायला शिका."

रुक्माजीने फलकाकडे पाहिलं. मग साहेबांकडे.
मग मला म्हणाला, अगदी मनापासून,
"बाई, ह्यांनाच धाडा की आमच्या शाळेत.
ह्यांना येतंय."
आधी आया हसल्या. मग पेडणे हसलं.
पोलीस पाठ फिरवून हसला.
साहेब जिने चढून गेले, दोन-दोन पायऱ्या.

परतताना मांडवीत कॅसिनोची जहाजं पेटलेली,
मुलांनी दिवे मोजले, हातचा विसरले, पुन्हा मोजले.
जुवारीच्या पुलावर रुक्माजी माझ्या सीटजवळ आला.
शि पहिली का, बाई?
मी सांगितलं: पुढे जोडाक्षर आलं
की आधीची वेलांटी आखूड होते.
भिक्षा, शिस्त, रिक्त, मित्र.
त्याने स्वतः दोन शोधले: चित्र. विस्तव.
वेर्ण्याचा चढ संपायच्या आत आलं त्याला.
आठ मिनिटं.
एवढाच वेळ लागतो.

"आणि विद्यार्थी?"
पहिली आखूड, शेवटची लांब.
"शेवटची का?"
तिच्यापुढे काही नसतं म्हणून,
असं मी म्हणाले, नियम सांगावा तसं,
आणि जीभ चावली.

त्याने मान हलवली, जागेवर गेला,
काचेवर फुंकर मारून
बोटाने लिहीत बसला. मी पाहिलं नाही
बरोबर लिहितोय का ते.
फलक त्याच्या पायांमध्ये उभा होता.
सोमवारी पुन्हा लागणार आहे.